एक एकर, पाच एकर, वीस एकर: कांद्याचा हिशेब एका आकड्यात बसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कांद्याचे भाव घसरले की दरवेळी तोच वाद रंगतो. शेतकरी म्हणतो, भावातून खर्चही निघत नाही. शहरातला वाचक विचारतो, मग खर्च येतो तरी किती? त्यावर कुणी क्विंटलला सहाशे सांगतो, कुणी हजार, कुणी पंधराशे. तिघेही बहुधा खरेच बोलत असतात. फक्त ते तीन वेगळ्या शेतांबद्दल बोलत असतात आणि तेवढेच सांगायचे राहून जाते. कांदा किती एकरांवरचा, कुणाच्या हातांनी केलेला, काय उताऱ्याचा (एकरी उत्पादनाचा) आणि कोणत्या महिन्यात विकलेला, हे सोबत आले नाही तर उत्पादन खर्चाच्या आकड्याचा कुणालाच उपयोग नाही.

या पत्रात उन्हाळ कांदाच धरला आहे. डिसेंबर-जानेवारीत लागवड, एप्रिल-मेमध्ये काढणी आणि पुढे दिवाळीपर्यंत चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, तिथे लहानमोठे सगळे एकाच पावसात भिजतात. शेत लहान की मोठे, याचा खरा फरक उन्हाळ कांद्यातच दिसतो.

आधी एका एकराचा खर्च मांडू. दर नमुन्यादाखल घेतले आहेत, ज्याने त्याने आपल्या गावचे घालून पाहावेत. मजुरी दिवसाला ४०० रुपये धरली आहे. बी ३ किलो, ६,००० रुपये. दोन गुंठ्यांत गादीवाफ्यावर रोप, त्याची मर होऊ नये म्हणून बुरशीनाशक आणि देखभाल, २,०००. नांगरट, रोटाव्हेटर, सारे पाडणे, ६,०००. शेणखत तीन ट्रॉल्या, १०,०००. रासायनिक खतासाठी हेक्टरी १००:५०:५० (किलो नत्र:स्फुरद:पालाश) ही शिफारस धरली तर एकराला ४०:२०:२० होते, म्हणजे १०:२६:२६ या मिश्रखताच्या दीड गोणीने स्फुरद-पालाश भागते आणि उरलेल्या नत्राला युरियाच्या दीड गोण्या लागतात. गंधक धरून ५,०००. लागवडीला २५ मजूर, १०,०००. तणनाशक आणि १० मजुरांची एक निंदणी, ५,५००. करपा आणि फुलकिडे यांच्यासाठी पाच फवारण्या, ६,०००. बारा-चौदा पाणी, ५,०००. उपटणे, पात कापणे, गोळा करणे यांना ३० मजूर, १२,०००. वाहून चाळीत भरणे, ३,०००. बेरीज ७०,५०० रुपये. एकरी १२० क्विंटल उतारा पडला तर क्विंटलला ५८८ रुपये.

यात लागवड, निंदणी, काढणी आणि चाळ भरणे यांची नुसती मजुरीच २९,००० होते, म्हणजे शंभरातले ४१ रुपये. कांद्याच्या अर्थकारणाची मेख इथेच आहे. गहू-सोयाबीनला पेरणीयंत्र आणि हार्वेस्टर मिळाले की शेत जितके मोठे तितका एकरी खर्च उतरतो. कांद्यात १५ बाय १० सेंटिमीटरवर एकेक रोप बोटाने दाबायचे असते. वरंबे-पाट वजा करूनही एकरात सव्वादोन लाखांवर रोपे बसतात. ती एक एकरात लावायची असोत की वीस एकरांत, एका रोपाला हात एकदाच लागतो. क्षेत्र वाढले म्हणून बाईचा हात वेगाने चालत नाही.

हाच खर्च आता तीन शेतकऱ्यांच्या खिशातून पाहू.

पहिल्याकडे एक एकर कांदा आहे आणि घरात राबणारी तीन माणसे. लागवडीचे २५ दिवस तिघांनी आठ-नऊ दिवसांत उरकले, निंदणी, काढणी आणि चाळ भरणेही घरच्यांनीच केले. त्याच्या खिशातून २९,००० गेलेच नाहीत. रोख खर्च ४१,५००, क्विंटलला ३४६. दुसरा पाच एकरवाला. त्याला लागवडीलाच १२५ मजूर-दिवस लागतात आणि ते दहा-बारा दिवसांतच हवेत, कारण रोप ४५ ते ५० दिवसांचे झाले की थांबत नाही. घरच्या तिघांचा त्यात निभाव लागत नाही. ते पाणी धरतात, रोप उपटून देतात, चहापाण्याचे बघतात. टोळी बाहेरूनच येते. त्याचा रोख खर्च जवळजवळ पूर्ण, ५८८. तिसरा वीस एकरवाला. आपल्या कमाल जमीन धारणा कायद्यात बारमाही ओलिताच्या जमिनीला कुटुंबामागे १८ एकरांची मर्यादा आहे, म्हणून वीस एकर सलग कांदा दिसला की बहुधा भावाभावांची एकत्र शेती असते, नाहीतर खंडाची जमीन. खंड हंगामाला एकरी २०,००० धरला तर खर्च ९०,५०० वर जातो. त्याचा ट्रॅक्टर घरचा, मशागतीत एकरी २,००० वाचतात. बी, खते, औषधे एकदम आणि रोखीने घेतली तर दुकानदार दहा टक्के सोडतो, तिथे आणखी १,७०० वाचतात. तरीही ८६,८०० होतात. क्विंटलला ७२३.

म्हणजे ३४६, ५८८ आणि ७२३. मोठ्याचा खर्च स्वस्त पडतो अशी सर्वसाधारण समजूत, आणि रोखीचा हिशेब नेमका उलटा. मे महिन्यात भाव ७०० झाला तर वीस एकरवाला तोट्यात असतो आणि एक एकरवाल्याच्या हातात, वाहतूक सोडून, ४२,५०० रुपये राहतात. तो म्हणतो, परवडला. पण त्यातले २९,००० ही त्याच्याच घरच्यांची मजुरी आहे. उरलेले १३,५०० हे एका एकराचे, विहिरीच्या पाण्याचे आणि चार-पाच महिन्यांच्या जोखमीचे मोल. तीच जमीन त्याने खंडाने दिली असती तर २०,००० आले असते.

कृषी मूल्य आयोगाच्या पद्धतीत यासाठीच वेगवेगळी मापे आहेत. खिशातून गेलेला खर्च तो ए-२, त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याजही धरले की सी-२. वरच्या एक एकरवाल्याची ही मापे अनुक्रमे ३४६, ५८८ आणि व्याज सोडून ७५४ येतात. एकाच वाफ्यातल्या कांद्याचे हे तीन खर्च. कांद्याला हमीभाव नाही, त्यामुळे यातले कोणते माप धरायचे यावर सरकार-दरबारी कुणाला उत्तर द्यावे लागत नाही आणि ज्याला जो आकडा सोयीचा तो तो वापरतो.

सगळ्यांच्या जमिनीचा खंड आणि घरची मजुरी सारख्याच भावाने धरली, तर लहान-मध्यम शेताचा खर्च ७५४ आणि मोठ्याचा ७२३. फरक अवघा ३१ रुपयांचा. आता उतारा बदलून पाहा. खंड न धरता, करपा आटोक्यात आला नाही किंवा मार्चमध्ये गारपीट झाली आणि एकरी ८० क्विंटलच निघाले, तर ५८८ चे ८८१ होतात. १५० क्विंटल निघाले तर ४७०. (काढणीची मजुरी उताऱ्याप्रमाणे थोडी कमीजास्त होते, ती इथे सोडली आहे.) एकरांच्या संख्येने ३१ रुपये हलतात, उताऱ्याने चारशे. म्हणून हे सांगायलाच हवे की कांद्यात लहान शेत हे मुळात महाग शेत नाही. उलट रोप वेळेवर लावणे, पहिला करपा दिसताच त्याच दिवशी फवारणे, पाणी मोजून देणे ही कामे एका एकरात नीट होतात.

मोठ्या शेताचे नुकसान कुठे होते तेही पाहू. वीस एकरांना ५०० मजूर-दिवस. पंचवीस जणींची टोळी रोज आली तरी वीस दिवस. सगळे रोप एकाच दिवशी टाकले असेल तर पहिल्या प्लॉटला ४५ दिवसांचे रोप मिळते आणि शेवटच्याला ६५ दिवसांचे, जून झालेले. असल्या रोपाला डेंगळे (फुलांचे दांडे) जास्त येतात आणि कांदा लहान राहतो. म्हणून बी आठवड्याच्या अंतराने तीन टप्प्यांत टाकावे लागते. तरी लागवड जानेवारीअखेरीस सरकली की शेवटचे पाच-सहा एकर मेच्या उन्हात पोसतात, उतारा पडतो आणि काढणी वळवाच्या पावसात सापडते. पेरणीयंत्राने थेट पेरलेल्या कांद्यात लागवडीचे २५ मजूर वाचतात हे खरे. पण तणाचा बंदोबस्त चुकला तर वाचलेली मजुरी निंदणीत परत जाते, विरळणी न केल्यास कांदा दाटीने चिंगळीच, म्हणजे अगदी बारीक राहतो. मोठ्याचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे: त्याची गारपीट सहसा सगळ्या गटांवर पडत नाही. एक एकरवाल्याचे एकतर सगळे वाचते, नाहीतर सगळे जाते.

पाणी-विजेतही एक गंमत आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. लहान-मध्यम शेताला ती पुरते. दहा अश्वशक्तीचा पंप लावणाऱ्याला बिल येते. मोठेपणाचा तोटा झाला अशी ही आणखी एक जागा.

शेतातला हिशेब इथपर्यंत लहान शेतकऱ्याच्या बाजूने आहे. ट्रॉली जुंपली की तो फिरतो.

लासलगाव-पिंपळगावकडे कांदा मोकळा विकला जातो आणि लिलाव वाहनावार होतो. ट्रॉलीत साधारण ३० क्विंटल बसतात, पिकअपमध्ये १५ ते २०. व्यापारी फाळका उघडून मूठभर कांदा बघतो, भाव पुकारतो आणि पुढच्या वाहनाकडे जातो. एक एकराच्या १२० क्विंटलांत साधारण ९२ मोठा, १८ गोल्टी (मध्यम-लहान कांदा) आणि १० चिंगळी-जोड (बारीक व जुळे कांदे) निघाली असे धरा. मोठ्याला १,५००, गोल्टीला १,१००, चिंगळीला ५०० भाव असेल आणि तिन्ही वेगळे विकले, तर १,६२,८०० रुपये होतात, सरासरी १,३५७. पण १० क्विंटल चिंगळीसाठी वेगळे वाहन कोण नेणार? गोल्टीचे १८ क्विंटलही ट्रॉलीभर होत नाहीत. मग सगळे मिसळूनच जाते आणि मिसळलेल्या मालाला भाव चिंगळीकडे बघून बोलला जातो. तो १,१५० बोलला गेला तर १,३८,००० येतात. २४,८०० गेले, क्विंटलला २०७ रुपये. वीस एकरवाल्याकडे गोल्टीच ३६० क्विंटल निघते, बारा ट्रॉल्या भरून. तो प्रत्येक प्रत वेगळी लावतो. त्यात व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरताना वांधा निघाला, म्हणजे खाली माल वेगळा आहे म्हणून भाव कमी करा असे व्यापाऱ्याने म्हटले, तर मिसळ मालवाल्याकडे बोलायला तोंड राहत नाही.

ट्रॉलीचे भाडे, हमाली, तोलाई हे खर्च मालाचा भाव बघत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने १० गोण्या, ५१२ किलो कांदा आणला. किलोला १ रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) २ रुपये ४९ पैसे उरले आणि हातात २ रुपयांचा धनादेश आला. देशभर बातमी झाली ती भावाची. पण त्या पट्टीत शिकण्यासारखे आणखी एक होते: दहा गोण्यांवर लागलेले ५०९ रुपये, म्हणजे क्विंटलला जवळपास १०० रुपये. भाव २,००० असतो तेव्हा हा खर्च कुणाच्या लक्षात येत नाही. भाव पडला की लहान फेरी आधी बुडते. २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची अडत (दलाली) शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असा नियम झाला, हे चांगलेच झाले. हमाली-तोलाई-वाहतूक मात्र त्याच्याच अंगावर आहे.

गोल्टीवर उपाय अवघड नाही. चार शेजाऱ्यांनी गोल्टी एकत्र केली तर ७२ क्विंटल होतात, दोन-अडीच ट्रॉल्या. बिघडते ते दोन ठिकाणी. एक, कुणाची किती यावर बाजारातून परतताना वाद होतो. म्हणून भरण्याआधी ज्याचा त्याचा माल गावच्या भुईकाट्यावर वजन करून चिठ्ठी घ्यावी. दोन, पट्टी एकाच्याच नावे निघते आणि पुढे सरकारी मदत जाहीर झाली की बाकीचे तिघे बाहेर. त्यासाठी आळीपाळीने प्रत्येकाच्या नावे ट्रॉली लावणे हाच व्यवहारी मार्ग.

आता चाळ. अनुदानावर बांधल्या गेलेल्या चाळींत प्रचलित माप २५ टनांचे. दुपाखी (कांद्याच्या दोन ओळींची), ४० फूट लांब, प्रत्येक पाखी ४ फूट रुंद, कांद्याचा थर ५ फुटांपर्यंत, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. थर पाच फुटांवर गेला की खालचा कांदा दबतो, मधली हवा कोंडते आणि सड तळमध्यापासून सुरू होते, बाहेरून दिसतही नाही. या चाळीत २५० क्विंटल मावतात. एक एकरवाल्याचे १२० क्विंटल, म्हणजे ती निम्मी रिकामी. पाच एकरवाल्याचे ६००, म्हणजे साडेतीनशे बाहेर. वीस एकरवाल्याला अशा दहा चाळी लागतात, आणि त्यातल्या चार-पाच त्याच्याकडे आधीच असतात. एक एकराला योग्य चाळ म्हणजे एकपाखी, ४० फुटी, साधारण साडेबारा टनांची. तिला हवाही जास्त मिळते. ती दक्षिणोत्तर बांधायची, दुपाखी पूर्व-पश्चिम. जुन्या गवंड्यांनाही यात गोंधळ करताना पाहायला मिळते.

साठवणीचा हिशेब न करता ‘थांबा, भाव वाढेल’ असा सल्ला देणारे गावोगाव आहेत. तो हिशेब असा. मेमध्ये भाव १,००० आहे. चाळीची घसारा-डागडुजी आणि मधली निवड मिळून क्विंटलला ६० रुपये, पाच महिन्यांचे वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज ५० रुपये. क्विंटलमागे १,११० अडकले. सप्टेंबरअखेर वजनातली तूट, सड आणि कोंब मिळून ३० टक्के गेले तर ७० किलोच हातात राहतात. १,५८६ भाव मिळाला तर मेच्या १,००० शी बरोबरी. तूट २० टक्के असेल तर १,३८८ वर भागते, ४० टक्के झाली तर १,८५० लागतात. म्हणजे भाव दीडपट झाला तरी तीस टक्के तुटीवाला तोट्यातच असतो, आणि वर्तमानपत्रात तो वाचतो की कांद्याने उसळी घेतली.

ही २० आणि ४० टक्क्यांमधली तफावत चाळीत नव्हे, वावरातच ठरते. लागवडीनंतर दोन महिन्यांनी युरिया दिला की माना जाड राहतात, त्या वाळत नाहीत आणि तिथूनच सड शिरते. काढणीआधी १५ दिवस पाणी तोडायला हवे. निम्म्या माना पडल्या की उपटावा. उपटलेल्या ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा अंथरून तीन-चार दिवस सुकवावा, उन्हाने भाजलेला कांदा चाळीत पहिला जातो. पात कापताना इंचभर मान ठेवावी, मग सावलीत दहा-बारा दिवस. या कामांना पैसा लागत नाही, धीर लागतो. तो एक एकरवाल्याला परवडत नाही, कारण त्याच्याकडे सावलीची जागा नाही आणि कृषी केंद्राची उधारी मेमध्ये फेडायची असते. वीस एकरवाल्याला जागा असते, पण उक्ते घेतलेली टोळी एकराच्या हिशेबाने पैसे घेते. ती मान मुळापासून छाटते, हिरवी पात असतानाच कापते आणि पुढच्या शेतावर जाते. उक्त्याचा दर ठरवताना इंचभर मान ही अट आधी बोलून घ्यावी, एकरी हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

सगळ्यांत अडचणीत असतो तो मधला, चार ते सहा एकरवाला. याची चर्चा कुठेच होत नाही. घरच्या मजुरीचा आधार त्याला नाही, पाच एकरांना साडेतीन लाख रुपये रोख लागतात. वेळेत फेडले तर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते, पण फेडीची मुदत मार्च ते जूनच्या दरम्यान, आणि चाळीतला कांदा भावात येतो तो ऑगस्टनंतर. म्हणून निम्मा कांदा मेमध्ये, सगळ्यांत पडत्या भावात, कर्जासाठीच विकला जातो. ट्रॅक्टर घ्यावा तर पाच एकरांवर त्याचा हप्ता निघत नाही, न घ्यावा तर ऐन हंगामात भाड्याचा मिळत नाही. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेत सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती, म्हणजे सव्वातीन एकर. धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यापुढे एक तर अगदी अल्पभूधारक असतो, नाहीतर ‘बडा बागायतदार’. दोघांच्या मधला हा माणूस योजनेच्या कुठल्याच रकान्यात पूर्ण बसत नाही.

मदतीचेच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये दिले, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. १२० क्विंटलवाल्याला पूर्ण मालावर ४२,००० मिळतात. ६०० क्विंटलवाल्याला ७०,००० म्हणजे क्विंटलला ११७. २,४०० क्विंटलवाल्याला २९, पण एकत्र कुटुंबाचे चार सातबारे असतील तर चौपट. मर्यादा लहान शेतकऱ्यासाठी म्हणून घातली आणि फटका मधल्याला बसला, ज्याच्या एकट्याच्या नावावर पाच एकर आहेत. लहानाचेही सगळे आलबेल नव्हते. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आणि बाजाराची पट्टी लागत होती. खंडाने करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, आणि शिवार खरेदीत बांधावरच माल देणाऱ्याकडे पट्टी नसते. बांधावर विकणारे बहुतेक तेच, ज्यांची ट्रॉली भरत नाही.

निर्यातीच्या निर्णयांचा मारही आकाराप्रमाणे वेगवेगळा बसतो. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क आले, ऐन चाळी उघडण्याच्या वेळी. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातले लिलावही काही दिवस बंद राहिले, आणि चाळीतला कांदा लिलाव बंद आहे म्हणून वजन कमी करायचे थांबत नाही. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. ऑगस्टच्या निर्णयात ज्यांनी थांबून, व्याज भरून, तूट सोसून कांदा राखला ते सापडले. एक एकरवाल्याचा उन्हाळ कांदा तोवर मेमध्येच गेलेला होता, त्याला डिसेंबरच्या बंदीने लाल कांद्यात गाठले. ज्याला थांबता येते त्याला थांबल्याची शिक्षा, असा प्रकार दोनदा झाला की तिसऱ्या वर्षी तोही मेमध्येच ट्रॉल्या काढतो, आणि मेचा भाव आणखी पडतो. त्यात पहिला भरडला जातो तो एक एकरवालाच.

म्हणून मागणी मोठी नाही. कृषी विभागाने आणि विद्यापीठाने कांद्याचा उत्पादन खर्च जाहीर करताना तो तीन आकारांसाठी, ए-२ आणि सी-२ वेगळे दाखवून आणि एकरी उतारा सोबत लिहून जाहीर करावा. मदतीची मर्यादा शेतकऱ्यामागे नव्हे, कांद्याखालच्या एकरामागे घालावी. शिवार खरेदी करणाऱ्या परवानाधारकाला शेतकऱ्याच्या नावाची पावती बांधावरच देणे सक्तीचे करावे. चाळीच्या अनुदानात एकपाखी साडेबारा टनांच्या चाळीला अर्जाची तीच सोय आणि तोच प्राधान्यक्रम मिळावा.

आणि एक विनंती आपल्याकडे. बाजारभावाच्या रकान्यात कमाल भाव ठळक छापला जातो. तो बहुतेक वेळा निवडक दोन-चार ट्रॉल्यांना मिळालेला असतो आणि त्यावरच शहरात गैरसमज, गावात भांडणे होतात. सर्वसाधारण भाव त्याच ठळक अक्षरात यावा आणि शेजारी गोल्टीचा भाव वेगळा द्यावा. बाजार समित्यांच्या लिलावात तो दर रोज बोलला जातोच. तो छापून आला तर तीस क्विंटल मिसळ माल ट्रॉलीत भरून बसलेल्याला सकाळी चहाबरोबर ठरवता येईल की आज निवडायला दोन बाया लावायच्या, की तशीच ट्रॉली जुंपायची.

आपला,
एक कांदा उत्पादक वाचक